लुइस टियांट : २२९ विजय आणि ४६ वर्षांचा वनवास

बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर २६ ऑगस्ट १९७५ रोजी सामना सुरू होण्यापूर्वी सत्तरीकडे झुकलेले एक कृश गृहस्थ आपल्या मुलासोबत मैदानाच्या मध्यभागी आले. अंगातला कोट काढून त्यांनी मुलाच्या हाती दिला आणि सामन्याचा औपचारिक पहिला चेंडू फेकला. चेंडू किंचित खाली राहिला. त्यांना ते रुचले नाही. त्यांनी चेंडू परत मागवून घेतला आणि पुन्हा टाकला. या वेळी तो मनाजोगा पडला आणि स्टेडियम टाळ्यांनी दणाणून गेले. ते गृहस्थ म्हणजे क्यूबातील एकेकाळचे नामवंत डावखुरे पिचर लुइस टियांट (थोरले) आणि कोट हातात घेऊन उभा असलेला मुलगा म्हणजे बोस्टन रेड सॉक्स संघाचा आघाडीचा पिचर लुइस टियांट. पितापुत्रांची भेट १४ वर्षांनी होत होती.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये क्यूबात जन्मलेल्या पिचरांपैकी सर्वाधिक सामने जिंकण्याचा विक्रम टियांटच्या नावावर आहे. १९६४ ते १९८२ या १९ मोसमांत त्याने २२९ विजय मिळविले. या आकड्यांमागे देशाला पारखे होण्याची, दुखापतीने संपल्यात जमा झालेली कारकीर्द पुन्हा उभी करण्याची आणि अखेरच्या सन्मानापासून वंचित राहण्याची कहाणी आहे.

क्रिकेटच्या भाषेत

बेसबॉलमधील पिचर म्हणजे ढोबळमानाने क्रिकेटमधला गोलंदाज. फरक इतकाच, की बेसबॉलमध्ये षटके नसतात. सामना सुरू करणारा पिचर दमेपर्यंत किंवा प्रशिक्षक त्याला हटवेपर्यंत एकटाच चेंडू टाकत राहतो आणि संघाचा जय-पराजय त्याच्या खात्यावर लिहिला जातो. सामना नऊ डावांचा असतो. पिचरची गुणवत्ता मोजण्याचे प्रमुख परिमाण म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्यामुळे गेलेल्या धावांची सरासरी. ती तीनच्या आत असेल, तर पिचर उत्तम समजला जातो. फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केले, की तो स्ट्राइकआउट. प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता पिचरने एकट्याने संपूर्ण सामना टाकला, तर ‘शटआउट’ म्हणजे निर्धाव विजयाची नोंद होते. टियांटने असे ४९ सामने निर्धाव ठेवले.

वडिलांचा वारसा

लुइस क्लेमेंते टियांट याचा जन्म २३ नोव्हेंबर १९४० रोजी हवानाजवळच्या मारियानाओ येथे झाला. तो आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. वडील अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘नीग्रो लीग’मध्ये न्यू यॉर्क क्यूबन्स संघाकडून खेळत. चेंडूतील फसवे बदल आणि तळावरील धावपटूला बेसावध गाठून बाद करण्याची हातोटी यासाठी ते ओळखले जात. १९४७ मध्ये न्यू यॉर्क क्यूबन्सने नीग्रो लीगचे विजेतेपद पटकावले, तेव्हा चाळिशी ओलांडलेले टियांट त्या संघात होते.

त्याच वर्षी, एप्रिल १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मेजर लीगमध्ये पाऊल ठेवले आणि तेथील वर्णभेदाची भिंत ढासळण्यास सुरुवात झाली. थोरल्या टियांट यांच्यासाठी मात्र फार उशीर झाला होता. गोऱ्या कातडीच्या क्यूबन खेळाडूंना ही अडचण कधीच आली नव्हती. हवानाचाच अडोल्फो लुके १९१० च्या दशकापासून मेजर लीगमध्ये खेळत होता आणि १९२३ मध्ये सिनसिनाटी संघाकडून त्याने तब्बल २७ सामने जिंकले होते. एकाच बेटावरच्या दोन पिचरांचे भवितव्य त्वचेच्या रंगाने ठरले. निवृत्तीनंतर थोरल्या टियांट यांनी हवानात पेट्रोल पंपावर काम करून संसार चालविला. बेसबॉलने आपल्याला काय दिले, या विचाराने आलेल्या कडवटपणातून त्यांनी मुलाच्या खेळण्यालाही आरंभी विरोध केला. आईच्या पाठबळामुळे मुलाचा मार्ग मोकळा झाला.

परतीचा मार्ग बंद

विशीच्या आतच, १९५९ मध्ये, धाकटा टियांट मेक्सिकोच्या लीगमध्ये मेक्सिको सिटी टायगर्स संघाकडून खेळू लागला. उन्हाळ्यात मेक्सिको आणि हिवाळ्यात क्यूबा असा त्याचा क्रम ठरला होता. १९६०-६१ च्या हिवाळ्यात तो क्यूबातील व्यावसायिक लीगमध्ये खेळला. तो त्या लीगचा शेवटचा मोसम ठरला.

जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी राजनैतिक संबंध तोडले. फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने त्याच वर्षी व्यावसायिक खेळांवर बंदी घातली. परदेशात पैसे घेऊन खेळणाऱ्यांपुढे दोनच पर्याय उरले. मायदेशी परतायचे आणि व्यावसायिक खेळाला रामराम ठोकायचा, अथवा बाहेर राहायचे आणि घराला मुकायचे. टियांटचा त्या उन्हाळ्यात मेक्सिकोत विवाह झाला होता आणि पत्नीला घेऊन हवानाला जाण्याचा त्याचा बेत होता. वडिलांनी त्याला येऊ नकोस असे कळविले. आपल्याला जी संधी मिळाली नाही, ती मुलाच्या हातून निसटू नये, ही त्यामागची तळमळ होती. त्याच वर्षाअखेरीस क्लीव्हलंड इंडियन्स संघाने टियांटला करारबद्ध केले.

अमेरिकेतली सुरुवात सोपी नव्हती. इंग्रजी येत नव्हते. कनिष्ठ लीगमध्ये १९६३ साली तो नॉर्थ कॅरोलायनातील बर्लिंग्टन येथे खेळला. दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर जेवता वा मुक्काम करता येत नसे. वडिलांनी जे सोसले होते, त्याचा अनुभव मुलालाही आला. १९६४ च्या मोसमात पोर्टलंड संघाकडून त्याने १५ सामने जिंकले आणि अवघा एक गमावला. त्यानंतर त्याला मेजर लीगबाहेर ठेवणे क्लीव्हलंडला शक्य नव्हते.

क्लीव्हलंडमधील उदय

टियांटचे पदार्पण १९ जुलै १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियमवर झाले. समोर बलाढ्य यँकीज संघ आणि त्यांचा सर्वांत यशस्वी पिचर व्हाइटी फोर्ड. नवख्या टियांटने ११ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, केवळ चार हिट्स दिल्या आणि क्लीव्हलंडने सामना ३-० असा जिंकला. पदार्पणातच निर्धाव विजय मिळविणाऱ्या या क्यूबनाची दखल सर्वांना घ्यावी लागली.

त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत देदीप्यमान मोसम १९६८ चा. २१ विजय, नऊ पराभव, नऊ निर्धाव सामने आणि १.६० ही धावांची सरासरी. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी इतकी कमी सरासरी अन्य कोणाचीही नव्हती. ३ जुलै रोजी मिनेसोटा ट्विन्सविरुद्धच्या दहा डावांच्या सामन्यात त्याने १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि सामना १-० असा जिंकला. त्याची सुप्रसिद्ध शैलीही याच काळात घडली. चेंडू टाकण्यापूर्वी तो पूर्ण गिरकी घेई. त्या क्षणी त्याची पाठ फलंदाजाकडे आणि नजर दुसऱ्या तळाच्या पलीकडे असे. मग एकाएकी अंग वळे आणि चेंडू कधी डोक्यावरून, कधी खांद्याच्या रेषेतून, तर कधी कमरेजवळून सुटे. वेगही दर चेंडूगणिक बदलता असे. चेंडू कोठून आणि केव्हा येणार, याचा अंदाज बांधेपर्यंत फलंदाजाची वेळ निघून गेलेली असे.

१९६८ हे वर्षच पिचरांचे होते. नॅशनल लीगमध्ये बॉब गिब्सनची सरासरी १.१२ इतकी अविश्वसनीय होती, तर डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. खेळ एकतर्फी होत असल्याचे पाहून नियामकांनी १९६९ पासून पिचर ज्यावरून चेंडू टाकतो, त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली आणि स्ट्राइकचा टप्पाही आक्रसला. टियांटला याचा जबर फटका बसला. त्या मोसमात त्याने नऊ विजयांच्या तुलनेत २० सामने गमावले. वर्षाअखेरीस क्लीव्हलंडने त्याला मिनेसोटाकडे सोपविले.

दुखापत आणि पुनरागमन

मिनेसोटाकडून १९७० मध्ये पहिले सहा सामने जिंकून त्याने झकास सुरुवात केली. पण लगेचच खांद्यामागच्या पसरट हाडाला तडा गेल्याचे निष्पन्न झाले. पिचरला ही दुखापत क्वचितच होते आणि तिच्यातून सावरून पूर्वीच्या जोमाने खेळता येईल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. मार्च १९७१ मध्ये मिनेसोटाने त्याला मुक्त केले. वयाच्या तिशीत मायदेश नसलेला आणि आता संघही नसलेला हा खेळाडू पुन्हा कनिष्ठ लीगच्या पायरीवर आला. आधी रिचमंड आणि मग बोस्टनच्या अखत्यारीतील लुइव्हिल या संघांकडून खेळत त्याने स्वतःला आजमावले. त्याच वर्षी बोस्टन रेड सॉक्सने त्याला मुख्य संघात घेतले. पहिल्या मोसमात त्याच्या पदरी एक विजय आणि सात पराभव आले.

तरीही बोस्टनने त्याला ठेवून घेतले आणि १९७२ मध्ये त्याची परतफेड झाली. मोसमाच्या आरंभी टियांट राखीव पिचर होता. उत्तरार्धात त्याला सामने सुरू करण्याची जबाबदारी मिळाली आणि त्याने सहा निर्धाव सामन्यांसह १५ विजय मिळविले. त्याची १.९१ ही सरासरी लीगमध्ये सर्वोत्तम होती. पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. वेगावर विसंबणारा तरुण मागे पडून कावेबाज, कल्पक पिचर आता उदयास आला होता. १९७३ मध्ये २०, १९७४ मध्ये २२ आणि १९७६ मध्ये २१ विजय मिळवून तो बोस्टनचा आधारस्तंभ बनला. मिशा, पोट किंचित सुटलेला बांधा आणि तोंडात सिगार अशी त्याची छबी बोस्टनकरांच्या गळ्यातील ताईत झाली. तो मैदानात उतरला, की ‘लुई, लुई’ असा घोष सुरू होई.

एक पत्र

यश मिळत असले, तरी वडिलांनी मुलाला मेजर लीगमध्ये खेळताना एकदाही पाहिले नव्हते. मे १९७५ मध्ये सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हवानाच्या दौऱ्यावर गेले. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील हे डेमोक्रॅटिक उमेदवार. जाताना त्यांनी मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन सिनेटर एडवर्ड ब्रुक यांचे कॅस्ट्रो यांना लिहिलेले पत्र सोबत नेले. टियांटच्या आईवडिलांना मुलाला भेटण्यासाठी अमेरिकेत येऊ द्यावे, अशी विनंती त्यात होती. स्वतः बेसबॉलचे शौकीन असलेल्या कॅस्ट्रो यांनी ती मान्य केली. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन देशांचे संबंध गोठलेले असताना ही परवानगी मिळणे ही असाधारण गोष्ट होती.

ऑगस्टमध्ये आईवडील बोस्टनच्या विमानतळावर उतरले. मुलाचा बांध तेथेच फुटला. काही दिवसांनी फेनवे पार्कवर थोरल्या टियांट यांनी तो पहिला चेंडू टाकला. मेजर लीगने ज्या पिचरला कधी प्रवेश दिला नव्हता, तो आता तिच्या मैदानावर उभा होता.

१९७५ ची वर्ल्ड सीरिज

त्या मोसमाच्या उत्तरार्धात पाठदुखीने टियांटला हैराण केले होते. मोठ्या सामन्यांत मात्र त्याने कमाल केली. अमेरिकन लीगच्या अंतिम लढतीत गतविजेत्या ओकलंडला त्याने पहिल्या सामन्यात ७-१ असे नमविले आणि पुढे बोस्टनने वर्ल्ड सीरिज गाठली. तेथे गाठ होती मोसमात १०८ सामने जिंकलेल्या सिनसिनाटी रेड्सशी. पीट रोझ, जो मॉर्गन, जॉनी बेंच आणि क्यूबाचाच टोनी पेरेझ अशा फलंदाजांच्या या संघाला ‘बिग रेड मशीन’ म्हटले जाई.

११ ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्यात टियांटने या संघाला एकही धाव करू दिली नाही. बोस्टन ६-० असे जिंकले. गंमत म्हणजे अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरच्या जागी राखीव फलंदाज खेळत असल्याने टियांटला फलंदाजीचा सराव उरला नव्हता. तरीही सातव्या डावात त्यानेच पहिला फटका मारला. पहिली धाव पुरी करताना तो होम प्लेट ओलांडून पुढे गेला आणि तिला पाय लागला नसल्याचे लक्षात येताच लगबगीने मागे फिरला. आईवडील प्रेक्षकांत बसून हे पाहत होते.

चौथ्या सामन्यात, १५ ऑक्टोबरला, त्याची खरी कसोटी लागली. चेंडू मनासारखा पडत नव्हता, रेड्स सतत फटके मारत होते. तरीही प्रशिक्षकाने त्याला हटविले नाही. नवव्या डावात दोन धावपटू तळांवर असताना त्याने मॉर्गनला बाद केले आणि बोस्टनने सामना ५-४ असा जिंकला. दीडशेहून अधिक चेंडू त्याने एकट्याने टाकले होते. आजच्या बेसबॉलमध्ये शंभरच्या आसपास चेंडू झाले, की पिचरला विश्रांती दिली जाते.

पावसामुळे लांबलेला सहावा सामना २१ ऑक्टोबर रोजी झाला. टियांटनेच तो सुरू केला, पण या वेळी रेड्सनी त्याच्यावर सहा धावा केल्या आणि आठव्या डावात त्याला मैदान सोडावे लागले. पुढे बर्नी कार्बोने बरोबरी साधून दिली आणि मध्यरात्र उलटल्यावर बाराव्या डावात कार्लटन फिस्कच्या होमरनने बोस्टनला जिंकून दिले. हा सामना बेसबॉलच्या इतिहासात अजरामर झाला. सातवा सामना मात्र रेड्सनी ४-३ असा जिंकून विजेतेपद मिळविले. टियांटने सुरू केलेले तिन्ही सामने बोस्टनने जिंकले होते. विजेतेपद त्याच्या हाती कधीच लागले नाही.

आईवडील क्यूबाला परतले नाहीत. डिसेंबर १९७६ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि अवघ्या काही दिवसांतच आईनेही जगाचा निरोप घेतला. ताटातूट १४ वर्षांची आणि सहवास जेमतेम १५ महिन्यांचा, असा हा हिशेब होता.

उत्तरार्ध

१९७८ मध्ये बोस्टन आणि यँकीज यांच्यात चुरशीची शर्यत झाली. १ ऑक्टोबरला मोसमाच्या शेवटच्या दिवशी बोस्टनला विजय अनिवार्य होता. ३७ वर्षांच्या टियांटने टोरंटोला दोनच हिट्स देत ५-० असा सामना जिंकून दिला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक लढतीत बोस्टन हरले. त्यानंतर करार संपलेला टियांट प्रतिस्पर्धी यँकीजकडे गेला. १९७९ आणि १९८० हे मोसम तेथे, १९८१ चा पिट्सबर्गकडून आणि १९८२ चा कॅलिफोर्निया एंजल्सकडून खेळून त्याची मेजर लीगमधील कारकीर्द संपली. पुढे त्याने प्रशिक्षक म्हणून काम केले. रेड सॉक्सने १९९७ मध्ये त्याला आपल्या संघाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले.

हॉल ऑफ फेमचा उंबरठा

कूपर्सटाउन येथील राष्ट्रीय हॉल ऑफ फेम हा बेसबॉलमधील सर्वोच्च सन्मान. त्यासाठी क्रीडापत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते लागतात. टियांटचे नाव १९८८ मध्ये प्रथम मतपत्रिकेवर आले आणि त्याला ३०.९ टक्के मते मिळाली. पहिल्या वर्षासाठी ही सुरुवात आशादायक होती. पुढच्या वर्षापासून मात्र गेलॉर्ड पेरी आणि त्यानंतर टॉम सीव्हर, स्टीव्ह कार्लटन असे ३०० हून अधिक विजय नावावर असलेले पिचर यादीत येत गेले आणि त्यांच्यापुढे टियांटचे २२९ विजय थिटे भासू लागले. २००२ पर्यंत १५ वर्षे नाव मतपत्रिकेवर राहिले, पण पहिल्या वर्षाइतकी मते पुन्हा कधी मिळाली नाहीत.

त्याचे समर्थक कॅटफिश हंटरचे उदाहरण देतात. टियांटचा समकालीन असलेल्या हंटरचे विजय २२४, पराभव १६६ आणि सरासरी ३.२६. टियांटचे अनुक्रमे २२९, १७२ आणि ३.३०. आकडे जवळजवळ सारखे. तरीही हंटरला १९८७ मध्येच हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला. फरक इतकाच, की हंटर पाच वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या संघांत होता आणि टियांट एकाही नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की टियांटचे उत्कृष्ट मोसम सलग नव्हते. दुखापतीने मधली वर्षे खाल्ली, हे त्यामागचे एक कारण होते.

पुन्हा हवाना

२००७ मध्ये अमेरिकेतील हौशी खेळाडूंच्या एका संघाबरोबर टियांट हवानाला गेला. मायभूमीवर त्याने ४६ वर्षांनी पाऊल ठेवले होते. वृद्ध नातेवाईकांच्या भेटी आणि जुन्या वस्तीतील फेरफटका यांचे चित्रण ‘द लॉस्ट सन ऑफ हवाना’ या २००९ च्या माहितीपटात आहे. मार्च २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या क्यूबा भेटीच्या वेळी हवानात टँपा बे रेज आणि क्यूबाचा राष्ट्रीय संघ यांच्यात सामना झाला. त्यात पहिला औपचारिक चेंडू टाकण्याचा मान क्यूबाचा पेद्रो लुइस लासो आणि टियांट या दोघांना मिळाला. वडिलांनी बोस्टनमध्ये जे केले होते, ते मुलाने ४१ वर्षांनी वडिलांच्या गावी केले.

टियांटसमोर १९६१ मध्ये उभा राहिलेला पेच नंतरच्या पिढ्यांनाही चुकला नाही. लिव्हान हर्नांडेझने १९९५ मध्ये मायदेश सोडला आणि दोनच वर्षांनी तो वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा सावत्र भाऊ ओरलांडो १९९७ च्या अखेरीस बोटीतून निसटला. डिसेंबर २०१८ मध्ये मेजर लीग आणि क्यूबाचा बेसबॉल महासंघ यांच्यात खेळाडूंना कायदेशीर मार्गाने येऊ देणारा करार झाला. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने तो रद्द केला.

टियांटचे निधन ८ ऑक्टोबर २०२४ रोजी मेन राज्यात, वयाच्या ८३ व्या वर्षी झाले. दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, हॉल ऑफ फेमच्या विशेष समितीपुढे त्याचे नाव पुन्हा आले. समितीने डिक ॲलन आणि डेव्ह पार्कर यांची निवड केली. टियांटला आवश्यक मतांच्या निम्मीही मते मिळाली नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात मेजर लीगने नीग्रो लीगची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींमध्ये समाविष्ट केली होती. ज्या वडिलांना जिवंतपणी दार उघडले गेले नाही, त्यांचे चेंडू, विजय आणि पराभव आता मुलाच्या आकड्यांबरोबर एकाच वहीत नोंदले गेले आहेत. मुलाच्या वाट्याचे एक दार अजून उघडायचे आहे.

कारकीर्द दृष्टिक्षेपात

जन्म : २३ नोव्हेंबर १९४०, मारियानाओ, क्यूबा
निधन : ८ ऑक्टोबर २०२४
मेजर लीग मोसम : १९ (१९६४ ते १९८२)
संघ : क्लीव्हलंड, मिनेसोटा, बोस्टन, यँकीज, पिट्सबर्ग, कॅलिफोर्निया
विजय-पराभव : २२९-१७२
धावांची सरासरी : ३.३०
स्ट्राइकआउट : २,४१६
एकट्याने पूर्ण केलेले सामने : १८७
निर्धाव सामने : ४९
२० वा अधिक विजयांचे मोसम : १९६८, १९७३, १९७४, १९७६
सर्वोत्तम सरासरी (अमेरिकन लीग) : १९६८ (१.६०), १९७२ (१.९१)